प्लस सी विसरू नकोस

हॅलो?… हॅलो, कोण बोलतंय?… अगं, तू होय. बोल, बोल. पोचलीस का?

अगं, मग आधी श्वास घे ना. पाठीमागे कुत्रं लागल्यासारखी काय बोलतेस?… कुठे?… जिन्यात? कॉलेजच्या जिन्यात कशाला उभी राहिलीस? स्टाफरूममध्ये बसा म्हणाले नाहीत का तुला?… म्हणाले. मग?… रडायला येतंय म्हणून बाहेर आलीस. काय गं बाई. थांब, थांब, एक सेकंद, दूध वर येतंय…

हां. बंद केला गॅस. आता सांग.

नाही, उशीर कसला होतोय. अकराला आहे ना तुझा तास? आपल्या घड्याळात आत्ता कुठे पावणेअकरा झालेत… हो, म्हणजे खरे दहा पस्तीस. माहीत आहे मला. आता या वेळी घड्याळाचं काढू नकोस. दहा मिनिटं पुढे आहे म्हणून तर या घरातला माणूस कधी कुठे उशिरा पोचला नाही. तुमच्या खोलीतलं घड्याळ बरोबर आहे, मान्य. आणि त्याच्याकडे बघून तू आणि आमचे चिरंजीव रोज एक बूट हातात घेऊन पळत सुटता, तेही मान्य… बरं, राहिलं. झालं काय ते सांग.

दोन उत्तरं? कसली दोन उत्तरं?

हं… हं… साइन एक्स कॉस एक्सचं इंटिग्रेशन. अगं, हे तर काल आपण जेवणाच्या टेबलावर घोटून घोटून पाठ केलं. साइन एक्स म्हणजे यू धरायचं. त्याचा डेरिव्हेटिव्ह कॉस एक्स, तो शेजारी तयारच उभा आहे. मग उरलं काय, नुसतं यू डी-यू. यू स्क्वेअर भागिले दोन. यूच्या जागी साइन परत ठेवायचं, साइन स्क्वेअर एक्स भागिले दोन, आणि हात झटकून मोकळं व्हायचं. यात रडण्यासारखं काय आहे?

कॉसला यू धरलंस? का पण?… बसमध्ये सहज. अगं, नोकरीसाठी तास घ्यायला निघालेलं माणूस सहज काही करतं का? खिडकीबाहेर बघायचं होतंस की… बरं, मग काय आलं?… वजा कॉस स्क्वेअर भागिले दोन. वजा? हा वजा कुठून उपटला?… हां, कॉसचा डेरिव्हेटिव्ह वजा साइन, तो. बरोबर.

म्हणजे एकीकडे साइन स्क्वेअर, दुसरीकडे वजा कॉस स्क्वेअर. गणित एकच, आणि उत्तरं अशी एकमेकांचं तोंड न बघणारी… नाही, नाही, साइनचं बरोबर आहे. ते मी जन्मभर शिकवलंय. कॉसच्या वेळी तू काहीतरी गोंधळ घातला असशील. बसला धक्का बसला असेल… तीनदा करून पाहिलंस? तिन्ही वेळा तेच?

थांब, ठेवू नकोस. मीच बघते. बबडे, ती पाटी दे गं आजीला… दे ना, राजा… मांजर नंतर काढू. पुसते हं मी हे… अगं, शेपटी तरी राहू दे काय, जागा नको का मला?… बरं, शेपटी ठेवली. रडू नको. मायलेकी सकाळपासून एका सुरात.

तुला नाही म्हणत. ऐक. वजा कॉस स्क्वेअर भागिले दोन. आता आपण उलटं जाऊ. याचा डेरिव्हेटिव्ह काढला तर मूळचं गणित परत यायला हवं. दोन खाली आला, दोनाने दोन गेले. वजा कॉस, आणि आतल्या कॉसचा वजा साइन. वजा आणि वजा गेले…

…

अगं, येतंय की.

हो, येतंय. कॉस साइन. तेच आपलं गणित. म्हणजे हेही बरोबर आहे… नाही, साइनचं चूक नाही, त्याचंही तेच येतं. थांब जरा, मला विचार करू दे. अहो, तुम्ही मध्ये बोलू नका… काही नाही, सूनबाईंचा फोन आहे… नाही, सगळं ठीक आहे, तुमचं कोडं सोडवा तुम्ही.

हां, ऐक. शून्य घाल. पहिल्यात शून्य येतो, दुसऱ्यात वजा अर्धा. आता नव्वद अंश घाल. पहिल्यात अर्धा, दुसऱ्यात शून्य. दिसलं का?… फरक किती?… दोन्ही वेळा अर्धाच. कुठेही घाल, अर्धाच येणार. कारण साइन स्क्वेअर म्हणजे एक वजा कॉस स्क्वेअर, हे शाळेतलं पोरगंसुद्धा सांगेल. तो एक दोनाने भागला गेला की अर्धा. एवढाच काय तो दोन्ही उत्तरांत फरक. आणि तो अर्धा कुठे जातो?… बोल ना, कुठे जातो?… सीच्या पोटात. शेवटी आपण प्लस सी लिहितो ना, त्यात तो कुठल्या कुठे विरघळून जातो.

तू सी लिहिला नव्हतास ना दोन्हीकडे?… वाटलंच मला. अगं, काल टेबलावर मी किती वेळा ओरडले? प्लस सी, प्लस सी. लोणी काढतेस, डब्याचं झाकण उघडं. हात धुतेस, नळ टपटपता. गणित सोडवतेस, सी गायब. सगळं निगुतीने करायचं आणि शेवटचं एवढंसं टोक सोडून निघून यायचं, असा तुझा स्वभावच आहे… हसतेस ना, हसलीस ना? बरं झालं. मघापासून ऐकतेय, नुसते हुंदके.

काय म्हणालीस?… नाही, माझ्या वर्गात हे कधी निघालंच नाही. मी सरळ साइन धरायला लावायचे. कॉस धरलं की वजा मागे लागतो, पोरं गडबडतात, कशाला नसती भानगड. त्यामुळे कॉस धरून पाहायची कुणाची टाप नव्हती… हो, तशी होते मी. आहेच अजून. तुला काय नवीन आहे?

आता नीट ऐक. हे दोन उत्तरांचं प्रकरण तिथे अजिबात काढायचं नाही… नाही, नाही, मला माहीत आहे ते सुंदर आहे. मलाही आत्ता बघताना बरं वाटलं. पण मागच्या बाकावर तिघं परीक्षक बसणार, हातात कागद घेऊन. तुला मिळणार एक तास, त्यात अर्धा वेळ पोरांचा गोंगाट. बबडी झाल्यापासून घरी बसलीस, आता पुन्हा उभं राहायचंय तुला, तर ते सरळ रस्त्याने जाऊन राहा. आधी ते सोपं घे, एक्स स्क्वेअर अधिक एकचा घन गुणिले दोन एक्स. मग साइन कॉस. साइन धर, यू म्हण, उत्तर लिही, सी लिही, खडू खाली ठेव. कुणी विचारलं तरी पुढच्या तासाला बघू म्हण… हो म्हण आधी… हं. शहाणी.

आणि अगं, या नोकरीवाचून आपलं काही अडलेलं नाही. मिळाली तर… हो, मला माहीत आहे गं, तुझं अडलंय. ते मला दिसतं. भांडी घासताना स्वतःशी शिकवत असतेस तू. फोडणीच्या आवाजात मला वाटायचं कुणी पाहुणं आलंय की काय.

जा आता. तोंडावर पाणी मार… केसांचं काय, चांगलेच असतात तुझे केस. बबडी? बबडी मजेत आहे, अर्धं मांजर घेऊन बसलीये. चल, ठेव. आणि प्लस सी विसरू नकोस… हो. हो. ठेव आता.

…

हॅलो?… अगं, ठेवलास का?… हॅलो?

अहो, हिने फोन ठेवलाच नाही. अहो, तुम्हाला म्हणतेय… फोन, फोन. चालूच आहे. खिशात टाकलेला दिसतोय, खसखस आवाज येतोय नुसता… अगं ए, फोन बंद कर… नाही ऐकू जात तिला. बघा, आत्ताच मी काय म्हणत होते, शेवटचं टोक.

कापू?… नको, नको, थांबा. मी इकडून कापला तर तिकडे टूं टूं वाजेल. भर वर्गात, खिशातून. परीक्षक म्हणतील, बाई फोन चालू ठेवून शिकवायला आल्या… बटण कसलं?… आवाज तिकडे न जाण्याचं बटण असतं, माहीत आहे मला, पण तुम्ही हात लावू नका. मागच्या वेळी तुम्ही बटण शोधलंत आणि तुमच्या मेव्हण्याचा चेहरा आला होता समोर, दाढी करताना. मी आपला तळवा ठेवते त्याच्यावर. आणि हे फडकं. आता बोला, पण हळू.

घंटा झाली… बाकांचा आवाज. गेली वर्गात.

बबडे, शूः. हो, आईच आहे, पण आई आत्ता शाळा घेतेय. आपण आवाज नाही करायचा. पाटीवर काढ बघू काहीतरी… काहीही काढ. शेपटीला जोडून काढ.

अहो, बोलतेय ती. थांबा… आवाज कापरा येतोय. नाव सांगितलं. आता ते सोपं गणित घेतेय… काय?… मोठ्याने कसं सांगू, कानात सांगते, या इकडे. ती म्हणतेय, कंसातलं सगळं गाठोडं उचला आणि त्याला एक छोटं नाव द्या, यू. मग शेजारी बघा, त्याचाच डेरिव्हेटिव्ह उभा आहे का. असला तर काम झालं. नसला तर हे गाठोडं चुकीचं उचललंत, खाली ठेवा… छान सांगितलं. गाठोडं माझं नाही हं, तिचंच आहे.

…हां, आणि यू हे शेजारून आणलेलं भांडं आहे, काम झालं की परत करायचं, जिथे एक्स होता तिथे एक्सच पोचला पाहिजे. हे माझं. काल मीच सांगितलं. ऐकलंत? पोरं हसली. बरं झालं. आवाज स्थिरावला आता तिचा. आता नाही कापत.

उत्तर लिहितेय. खडूचा आवाज येतोय… कंसाचा चौथा घात भागिले चार… सी लिहिला की नाही काही कळत नाही. बोलली नाही सी. अहो, बोलली का?… तुम्हाला काय ऐकू येणार म्हणा.

आता साइन कॉस. हं, साइन धरलं… यू स्क्वेअर… बरोबर… साइन स्क्वेअर एक्स भागिले दोन. चला, निघालीस तू पलीकडे. आता खडू ठेव आणि खाली उतर.

…

कोण बोललं? कुणीतरी पोरगी आहे, मागून बोलतेय. काय म्हणते?

झाली पंचाईत. म्हणते, मॅडम, कॉसला यू धरलं तर चालेल का?

पुढच्या तासाला बघू म्हण. म्हण गं. आत्ता कबूल केलंस मला जिन्यात… काय म्हणाली? "धरून बघ ना" म्हणाली. "ये पुढे, फळ्यावर कर" म्हणाली. अहो, त्या पोरीला फळ्याकडे बोलावलं हिने. कुणाचं ऐकेल तर शपथ.

नाही, चिडत नाहीये मी. घाबरलेय… काय होणार म्हणजे? दोन वेगळी उत्तरं येणार फळ्यावर, शेजारी शेजारी, आणि तिघं बसलेत मागे. पोरांपुढे तिची फजिती झाली ना, तर ती पुन्हा कुठे तास घ्यायला जायची नाही. ओळखते मी तिला. मुकाट्याने भांडी घासत बसेल, आणि मग स्वतःशी बोलणारसुद्धा नाही.

झालं. वजा कॉस स्क्वेअर. वर्गात गलका सुरू झाला. कुणी म्हणतंय मॅडमचं बरोबर, कुणी म्हणतंय तिचं बरोबर… शूः, बबडे. हो, छान आहे मांजर. नंतर बघते.

हा जाड आवाज कुणाचा? परीक्षक असणार. विचारतायत, "मॅडम, मग यातलं बरोबर उत्तर कुठलं?"

…

खडू खाली ठेवला तिने, आवाज आला.

बोल ना गं. आत्ता तर पाटीवर केलं आपण. अर्धा. फरक अर्धा. सीच्या पोटात… बोल ना, माझे आई.

…

हां. बोलली. म्हणाली… म्हणाली, "सर, दोन्ही अर्धवट आहेत. मी शेवटी प्लस सी लिहायला विसरले. पहिल्या गणितातही विसरले. मी नेहमी विसरते, घरी बोलणी खाते." असं सरळ सांगून टाकलं हिने. परीक्षकांना. हसले कुणीतरी, पण वाईट नाही हसले. आता म्हणतेय, "विसरले ते बरं झालं, आता तो कशाला लागतो ते दाखवते."

काय?… थांबा… "आमच्या घरी दोन घड्याळं आहेत."

अरे देवा.

नको गं. भर वर्गात नको… सांगतेय. "एक आमच्या खोलीत, ते बरोबर चालतं. दुसरं स्वयंपाकघरात, ते माझ्या सासूबाईंनी दहा मिनिटं पुढे लावलंय, आणि त्याला हात लावायची घरात कुणाची हिंमत नाही." हसली सगळी. हसा, हसा. आता गावभर होणार माझं घड्याळ… तुम्ही काय हसताय?

शूः, ऐकू द्या. ती विचारतेय, खोलीतल्या घड्याळात नऊचे दहा झाले, तर स्वयंपाकघरातल्या घड्याळात किती वेळ गेला? पोरं म्हणाली, एकच तास. बरोबर. म्हणजे दोन्ही काट्यांची चाल सारखी. डेरिव्हेटिव्ह म्हणजे चाल. इंटिग्रेशन करताना आपल्याला फक्त चाल सांगितलेली असते. काटा सुरुवातीला कुणी कुठे लावून ठेवलाय, ते कुणीच सांगितलेलं नसतं. ते आपण मोकळं ठेवायचं. त्या मोकळ्या जागेचं नाव सी.

…

अहो.

मी इतकी वर्षं प्लस सी, प्लस सी म्हणून पोरांच्या मागे लागले. न लिहिणाऱ्याचा मार्क कापला. पण हे असं… नाही, काही नाही. डोळ्यात काही गेलं नाही. येतंय मला पाणी, येऊ द्या.

थांबा, तो जाड आवाज पुन्हा. "पण मॅडम, तुमच्या घरातलं बरोबर घड्याळ कुठलं?" सोडत नाहीत बाबा तेही.

…

ऐकलंत?… नाही ऐकलंत. ती म्हणाली, "दोन्ही, सर. पण आज मी इथे वेळेवर पोचले, ते सासूबाईंच्या घड्याळाकडे बघून निघाले म्हणून."

…

सकाळी तयार होऊन ती स्वयंपाकघरातच उभी होती बघा. मला वाटलं, डब्यासाठी थांबलीये. मी म्हटलंसुद्धा, अगं मध्ये मध्ये काय उभी आहेस. ती घड्याळाकडे बघत होती.

…

आता सगळा वर्ग म्हणतोय. एकदम. प्लस सी… दोन्ही उत्तरांपुढे लिहायला लावलं तिने त्या पोरीला. टाळ्या नाहीत काही, वर्ग आहे तो. पण बाकं वाजवली कुणीतरी. घंटा झाली. बघा, वेळेत संपवलंन.

पुटपुटणं चाललंय काहीतरी, नीट कळत नाही. चालतायत. दार. जिना असेल… खसखस… हॅलो? हॅलो, अगं, मी आहे. इथेच आहे… अगं, दचकतेस काय, फोन तूच चालू ठेवलास. खिशात… हो. पहिल्यापासून… हो, तेही ऐकलं. घड्याळाचंही ऐकलं. सगळं ऐकलं… माफी कसली मागतेस? वेडी आहेस का? अगं, मी जन्मात इतकं चांगलं सांगितलं नसतं ते. खरं सांगते. मी त्या पोरीला गप्प बसवलं असतं.

ते जाऊ दे. काय म्हणाले ते?… हं… हं… सोमवारपासून? पक्कं? स्वतः म्हणाल्या प्राचार्यबाई?… अहो, मिळाली, मिळाली नोकरी… हो, सोमवारपासून. बबडे, आईला नोकरी मिळाली… ती विचारतेय, म्हणजे काय. म्हणजे तुझ्यासाठी मोठं मांजर.

अगं, मी म्हणत होते… ते घड्याळ आज लावून घेते बरोबर. उगाच दोन दोन कशाला घरात… नको?… नको म्हणतेस. बरं. नको तर नको. राहू दे तसंच. माझीही काही घाई नव्हती.

कधी येतेस मग? जेवायला थांबतो आम्ही… आत्ता लगेच? दुसरा वर्ग? शिक्षक आलेच नाहीत म्हणून तुलाच घे म्हणाल्या?… अगं, मग जा ना, माझ्याशी काय बोलत बसलीस. तेच घे, साइन कॉस घे. आणि कुणी कॉस नाही म्हटलं तर तूच म्हण… हो. पळ. आणि ऐक, आधी फोन बंद कर. नीट बघून कर… हो म्हणू नकोस, कर.

…

हॅलो?

…चाललीये. टपटप पायऱ्या चढतेय. गुणगुणतेय काहीतरी.

नाही हो, पुन्हा विसरली… काप काय म्हणता? टूं टूं वाजेल ना तिकडे. तुम्ही ते कोडं ठेवा बाजूला, खुर्ची इकडे ओढा आणि गप्प बसा. दुसरा तास सुरू होतोय.